मिस्त्रींनी मला देऊन टाकलं तो दिवस

मित्रांनो, एखाद्या दारावरून हात फिरवून बघा. कुसळ न टोचता हात सुळकन पुढे गेला, तर समजा की माझ्या जातभाईंपैकी कुणीतरी त्या दारावर राबून गेलेलं आहे. मी सुताराचा रंधा, आणि आता वयानं बराच म्हातारा. अंग लाकडाचं, पोटात लोखंडी पातं, ते हलू नये म्हणून ठोकलेली पाचर आणि धरायला एक मूठ. मला फळीवरून ढकललं की लाकडाची पातळ साल निघते आणि खालचा भाग गुळगुळीत होतो. एवढंच माझं काम. दिसायला मी यथातथाच. आमच्या कारखान्यातली पॉलिशवाली मावशी मला 'ठोकळा' म्हणते. ती कुणाला काय म्हणेल याचा नेम नाही, म्हणून मी मनाला लावून घेत नाही.

आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, पण खरं तर ती माझ्या मिस्त्रींची गोष्ट आहे. ऐकताना थोडी भीती वाटेल. मलाही वाटली होती. अजून आठवलं की माझं पातं गार पडतं.

आमच्या कारखान्यात खुर्च्या, टेबलं, कपाटं, दारं-खिडक्या बनतात. तिथे एक रीत आहे. रंधा कुणाला उसना द्यायचा नाही आणि कुणाचा मागायचाही नाही. तो एका माणसाच्या हाताला बसलेला असतो, दुसऱ्याच्या हातात गेला की बिघडतो, असं सगळे मानतात. म्हणून नव्यानं काम शिकणाऱ्याला आधी स्वतःचा रंधा घडवावा लागतो, मगच त्याला चांगल्या लाकडाला हात लावू देतात. माझे मिस्त्री तेव्हा मिस्त्री नव्हते, मिसरूडही न फुटलेले शिकाऊ होते. त्यांनी केलेला पहिला रंधा बुडाला वाकडा निघाला. दुसऱ्याचं तोंड इतकं अरुंद झालं की त्यात साली अडकून बसायच्या. दोघांनाही काम शिकवणाऱ्या उस्तादांनी चुलीत घातलं आणि त्यावर सगळ्यांचा चहा उकळला. मी तिसरा. उस्तादांनी मला एका फळीवर फिरवलं, निघालेली साल डोळ्यांपुढे धरली, तिच्यातून पलीकडचा उजेड पाहिला आणि म्हणाले, "जमलं रे तुला." त्या दिवशी मिस्त्री मला उशाशी घेऊन झोपले. त्यांची आई ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं येईल त्याला सांगत होती.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. शाळेची बाकं, दवाखान्याची दारं, कुणाच्या बाळाचा पाळणा, कुणाचं लग्नातलं कपाट, सगळ्यांवरून मी फिरलो. मिस्त्रींचा अंगठा माझ्या अंगावर जिथे टेकायचा तिथे हळूहळू एक खळगा पडला. गिऱ्हाईक आलं की मालक त्याला मुद्दाम आमच्या बाकापाशी आणायचे आणि म्हणायचे, "हा बघा, याला म्हणतात हात!" मिस्त्री लाजून खाली बघायचे. त्यांची लेक सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यायची, माझ्या वळलेल्या साली कानांना लटकवायची आणि कारखानाभर मिरवायची. सांगा, असं कौतुक किती हत्यारांच्या नशिबी येतं? मी नुसता फुगून जायचो.

दारू आमच्याकडे आली ती पाहुणीसारखी. मोठं काम वेळेवर पोचलं की मालक खुशीनं बाटली आणायचे. सगळे दमलेले असायचे. थोडीथोडी घ्यायचे, हसायचे, घरी जायचे. बाकीच्यांकडून पाहुणी निघून गेली, मिस्त्रींकडे मात्र मुक्कामाला राहिली. आधी पाठ दुखते म्हणून, मग झोप लागत नाही म्हणून, आणि शेवटी सकाळी हात थरथरतात ते थांबावेत म्हणून.

ती थरथर सगळ्यांच्या आधी मला कळली. तोवर मिस्त्री मला फळीवर टेकवायचे ते मांजरानं पाऊल टेकवावं तसं. आता मी धडकन आदळायला लागलो. पातं मध्येच लाकडात रुतायचं आणि चांगल्या फळीला खड्डा पडायचा. मिस्त्री घाबरून इकडेतिकडे बघायचे. आणि गंमत म्हणजे, कुणी रागवायचं नाही. शेजारच्या बाकावर काम करणारा उंचच उंच सुतार, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तो गुपचूप यायचा आणि मालक यायच्या आत ती फळी बदलून टाकायचा. जी बदलता येत नसे ती मावशीकडे जायची. लाकडातले खड्डे बुजवायला भुसा आणि डिंकाचा एक लगदा भरतात, त्याला लांबी म्हणतात. मावशी खड्ड्यात लांबी भरायची, वरून पॉलिश मारायची आणि म्हणायची, "झालं. कुणाच्या बापाला कळणार नाही."

आणि खरंच कळत नव्हतं. मालकांना नाही, गिऱ्हाइकांना नाही, मिस्त्रींच्या घरीही नाही. सगळ्यांची माया होती हो त्यांच्यावर. त्या मायेपायी सगळे मिळून खड्डे बुजवत राहिले, आणि माझे मिस्त्री आतून पोखरले गेले.

नंतर नंतर तर मला हातात घेणंच कमी झालं. मी बाकाखाली भुशात पडून राहायचो. पात्यावर गंज चढला. दुपारी सगळे जेवायला गेले की मिस्त्री तिथेच माझ्याशेजारी बसायचे आणि स्वतःशी पुटपुटायचे, "माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय? उलट सुटतील सगळे." मला वाटायचं, दमलेल्या माणसाची बडबड आहे. एकदा सगळे जेवून परत येत होते तेव्हा मावशीनं ते ऐकलं. ती म्हणाली, "सुटतील कसले? तुम्ही नसलात तर खड्डे कोण पाडणार? माझं पोट भरणार कसं?" सगळे खो खो हसले. मिस्त्रीही हसले. पण ते हसून झाल्यावर त्यांनी मला पायानं जरा लांब सरकवलं, तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

एक दिवस त्यांची लेक डबा घेऊन आली. मिस्त्री भर दुपारी भुशात आडवे झालेले, तोंडावर माश्या बसलेल्या. तिनं हाका मारल्या, ते उठले नाहीत. ती रडली नाही, ओरडली नाही. शेजारी बसून डब्याच्या झाकणानं त्यांना वारा घालत राहिली. मिस्त्रींना जाग आली तेव्हा तिचा हात अवघडून गेला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सोडली. आजपासून थेंबही नाही." ना कुणा डॉक्टरला विचारलं, ना कुणाची मदत घेतली. अंगाला दरदरून घाम, हातापायांना कापरं, पोटात अन्न ठरेना. पण माणूस हट्टाला पेटला होता. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. मालकांनी त्यांना जवळ घेतलं. लंबू म्हणाला, "वाघ आहे आमचा मिस्त्री!" आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. आजार गेला, विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

पण मिस्त्री गप्प झाले होते. दारू होती तेव्हा निदान तिच्या जोरावर बोलायचे, आता तेही नाही. जेवणाच्या सुट्टीत ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. आणि एका सकाळी ते आले तेव्हा त्यांच्या श्वासाला पुन्हा तो वास होता. बाकीच्यांपासून ते लांब लांब राहिले, पण मला हातात घेतलं तेव्हा माझ्यापासून काय लपणार? त्यांनी परत घेतली होती. ज्यांनी पाठ थोपटली त्यांच्याकडे त्यांना मान वर करून बघता येत नव्हतं.

आणि मग तो दिवस उजाडला.

मिस्त्री सकाळी आले ते अगदी वेगळेच. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, ओठांवर कसलीशी गुणगुण. मावशी म्हणाली, "काय मिस्त्री, आज मुलगी बघायला निघालात की काय?" ते हसले. मला त्यांनी बाकाखालून काढलं, भुसा झटकला, पातं बाहेर काढून दगडावर घासायला बसले. किती वेळ घासत होते! गंज गेला, पात्यात त्यांचा चेहरा दिसायला लागला. माझ्या अंगाला तेल चोळलं, अगदी कानाकोपऱ्यात. आणि मित्रांनो, त्यांचा हात थरथरत नव्हता. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. मला वाटलं, फिरले आमचे दिवस! आता पुन्हा पाळणे, पुन्हा कपाटं, पुन्हा लेकीच्या कानांतल्या साली.

त्यांनी मला उचललं, लंबूच्या बाकापाशी नेलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"घे. तुला."

लंबूनं मला उलटंपालटं करून पाहिलं. "मिस्त्री, चेष्टा करता काय?"

"चेष्टा कसली? तुझा रंधा साल काढत नाही नीट, किती दिवस बघतोय मी. हा घे."

"आणि तुम्ही?"

"मी काय, नवा करीन," मिस्त्री म्हणाले. "जरा काम आहे, आज लवकर जातो. मालकांना सांगितलंय."

आणि ते गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या अंगावरचं तेल अजून ओलं होतं. ज्या माणसानं मला घडवलं, ज्याच्या अंगठ्याचा खळगा माझ्या अंगावर आहे, त्यानं मला असं भाजीची जुडी द्यावी तसं देऊन टाकलं? माझं काय चुकलं होतं?

लंबूला मात्र आकाश ठेंगणं झालं. चहाची सुट्टी झाल्यावर तो मला उंच धरून सगळ्यांना दाखवत सुटला. "बघा! मिस्त्रींचा रंधा! मला दिला!"

"अरे वा," मावशी चहाचा पेला फुंकत म्हणाली. "मग मीपण काही मागे नाही. मला त्यांनी त्यांची पटाशी दिली. लांबी खरवडायला एवढी छान आहे!" तिनं पिशवीतून ती धारदार पटाशी काढून दाखवली.

मालक हसत त्यांच्या खोलीतून बाहेर आले. "म्हणजे मी एकटाच नाही तर! मला गुण्या दिला. म्हणाले, टेबलावर ठेवा, कोपरे सरळ आहेत का बघत जा." मागून फाटकावरचा वॉचमन म्हणाला की त्याला करवत मिळाली आहे, पण करवतीचं करायचं काय हे त्याला ठाऊक नाही. सगळे पोट धरधरून हसले. मिस्त्रींना आज दानाचा झटका आलाय, असं कुणीतरी म्हणालं.

मावशी हसत नव्हती. तिचा पेला हातातच राहिला होता.

"लंबू," ती म्हणाली, "तुला काय म्हणाले? स्वतःसाठी काय करणार म्हणाले?"

"नवा रंधा करीन म्हणाले."

"कशानं करणार?"

"म्हणजे?"

"अरे, रंध्याचं तोंड कोरायला पटाशी लागते ना? पटाशी माझ्याकडे. लाकूड कापायला करवत लागते, ती याच्याकडे. कोन बघायला गुण्या, तो मालकांकडे. मग नवा रंधा कशानं करणार, नखांनी?"

लंबूनं मिस्त्रींच्या बाकाखालची पेटी ओढून उघडली. आत काहीही नव्हतं. एक खिळासुद्धा नाही. पेटी ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती.

मावशीच्या हातातला चहा सांडला. पुढचं ती जे बोलली ते कारखान्यात इतक्या वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. "माझा भाऊ पण असाच पीत होता. असाच मध्ये बरा झाला. मग एकदा आला, एकदम खुशीत, आणि त्याची सायकल मला देऊन गेला. मी तिला नवी घंटी लावून गावभर मिरवत होते. दोन दिवसांनी त्यानं जीव दिल्याचं कळलं." तिनं पदरानं तोंड दाबलं आणि लगेच सोडलं. "उठ लंबू. स्कूटर काढ. मालक, तुम्ही वहिनींना त्यांच्या कामावर फोन लावा. त्यांना म्हणावं, आहात तशा घरी या."

मी त्या वेळी लंबूच्या हातात होतो आणि मला खाली ठेवायचं भान त्याला राहिलं नाही. तसंच मला त्यानं कमरेला खोचलं. मावशी मागे बसली. सगळ्या रस्त्यात ती मिस्त्रींना फोन लावत होती आणि फोन वाजून वाजून बंद होत होता. मी हादरून गेलो होतो. सकाळचं ते तेल, ती गुणगुण, तो न थरथरणारा हात! मी ज्याला सुख समजलो होतो तो निरोप होता. लोक म्हणतात, दुःखी माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. मित्रांनो, अजिबात येत नाही. मी त्यांच्या तळहातात होतो, तरी मला कळलं नाही.

दार मिस्त्रींनीच उघडलं. "अरे, तुम्ही? या की," असं इतक्या साधेपणानं म्हणाले की लंबूला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

"काही नाही, असंच," लंबू चाचरत म्हणाला. "इकडून चाललो होतो." कमरेला रंधा खोचून कोण कुणाकडे असंच जातं? पण त्या वेळी हसू कुणाला येणार? खोली झाडून लख्ख केलेली होती. लेकीच्या स्टुलाचा मोडका पाय नीट बसवलेला होता. टेबलावर घड्याळ, किल्ल्या आणि पाकीट ओळीनं मांडून ठेवलं होतं.

मावशीनं ते पाहिलं. ती मिस्त्रींच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, "मिस्त्री, तुम्ही जीव द्यायचं मनात आणलंय का?"

लंबूनं डोळे मिटून घेतले. असं कुणी तोंडावर विचारतं का, असंच त्याला वाटलं असणार. मलाही वाटलं. मिस्त्री आता रागावतील, नाहीतर हसण्यावारी नेतील. पण त्यांनी मान डोलावली.

"हो."

"कधी?"

"आज. ही कामावरून यायच्या आधी."

मित्रांनो, लाकडाला रक्त नसतं. तरी माझ्या अंगातलं काहीतरी गोठलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, शेजारी कुणीतरी रेडिओ लावला होता, खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि माझे मिस्त्री 'कामावरून येताना दूध आण' म्हणावं तशा आवाजात हे सांगत होते.

लंबूला कंठ फुटला. "असं कसं मिस्त्री? पोरीचा तरी विचार..."

"तू गप रे," मावशी म्हणाली. "त्यांना बोलू दे." ती मिस्त्रींचा हात धरून त्यांच्याबरोबर जमिनीवर बसली.

मिस्त्री हळूहळू बोलायला लागले. "वाटलं होतं, सोडली की सगळं बरं होईल. नाही झालं. उलट डोकं स्वच्छ झाल्यावर मी काय काय केलंय तेच दिसायला लागलं. मग परत घेतली. तुम्ही सगळे शाब्बास म्हणाला होता ना? आता कुठल्या तोंडानं सांगू? त्या दिवशी पोर माझ्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती, मावशी. असला बाप असण्यापेक्षा..."

तेवढ्यात वहिनी आल्या. कामावरचे कपडेही बदलले नव्हते. शेवटचं वाक्य त्यांनी दारातच ऐकलं होतं. "सकाळी तुम्ही गुणगुणत होता," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी! मी आज कामावर हसत गेले हो." आणि मग त्या जे रडल्या, ते ऐकून मिस्त्री दचकले. इतका वेळ शांत बसलेला माणूस मुळापासून हलला. आपण गेलो की सगळे सुटतील असा हिशेब त्यांनी मनात मांडला होता. तो चुकलाय, हे त्यांना त्या रडण्यातून पहिल्यांदा कळलं असावं.

त्यानंतर त्यांना कुणी क्षणभर एकटं सोडलं नाही. मालक गाडी घेऊन आले आणि सगळे तसेच रुग्णालयात गेले. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आधी मिस्त्रींशी एकट्याशी खूप वेळ बोलून घेतलं, मग बाकीच्यांना आत बोलावलं. लंबूच्या मांडीवर मला पाहून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" लंबू म्हणाला, "रंधा. पुरावा आहे." त्याला स्वतःलाच कळत नव्हतं तो काय बोलतोय.

डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते ऐकून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. व्यसन आणि जीव देण्याचा विचार यांची जवळची सोबत असते, त्या म्हणाल्या. दारूनं मन आणखी उदास होतं, माणूस आणखी एकटा पडतो, आणि त्या घडीला सावरायला जो शहाणपणा लागतो तोही ती काढून घेते. व्यसन सुटलं की धोका टळला असंही नाही. सुटल्यानंतरचे दिवस, आणि सुटून परत घेतल्यावरची शरम, हे फार नाजूक असतात. "तुम्ही पाठ थोपटून घरी गेलात. हे मात्र तिथेच उभे होते. आणि इतकी जुनी दारू अशी एकदम, डॉक्टरांशिवाय सोडणं अंगावरसुद्धा येऊ शकतं. त्यासाठी औषधं असतात, माणसं असतात."

लंबूला राहवेना. "पण डॉक्टर, मावशीनं त्यांना असं सरळ विचारलं. त्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "विचारल्यानं विचार शिरत नाही. आत असलेला बाहेर पडायला वाट मिळते. यांनी मला काय सांगितलं ठाऊक आहे? कुणीतरी विचारेल म्हणून सकाळपासून वाट बघत होतो, असं म्हणाले. एकेकाला हत्यार देत होतो आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो."

लंबूनं खाली मान घातली ती कितीतरी वेळ वर केली नाही. मावशीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मिस्त्री काही दिवस रुग्णालयात राहिले, मग व्यसनमुक्ती केंद्रात. औषधं सुरू झाली. एका समुपदेशक बाईंशी दर आठवड्याला बोलणं सुरू झालं, आणि आपल्यासारख्याच माणसांच्या गटात बसणं. वहिनीही जायच्या. लेकीलाही तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं, की बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणं हे तुझं काम नाही. ते ऐकून ती म्हणे पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

जादू काही झाली नाही. मधल्या काळात मिस्त्रींचा पाय एकदा पुन्हा घसरला. पण या वेळी त्यांनी त्याच संध्याकाळी केंद्राला फोन करून सांगितलं, आणि समोरून कुणी रागावलं नाही. मदतीचे असे फोन नंबर आता आमच्या हत्यारांच्या कपाटावर चिकटवलेले आहेत. मालकांनी बाटली आणणं बंद केलं. मोठं काम गेलं की आता चहा आणि केळी. मावशी म्हणते, एवढी केळी खाऊन आम्ही माकडं होणार, पण सगळ्यात जास्त तीच खाते.

मिस्त्री कामावर परत आले त्या सकाळी त्यांच्या बाकावर मी होतो, पटाशी होती, करवत होती, गुण्याही होता. कुणी समारंभ केला नाही. त्यांनी मला उचललं. औषधांमुळे हात अजून थोडा कापत होता. फळीला खड्डा पडला. मावशी लांबीचा डबा घेऊन निघाली, पण अर्ध्या वाटेत थांबली आणि म्हणाली, "मिस्त्री, खड्डा पडलाय. दिसतोय मला." मिस्त्री म्हणाले, "हो, मलाही दिसतोय." आणि त्यांनी नवी फळी घेतली.

तेव्हापासून लंबू त्यांना रोज एकदा विचारतो. आडून नाही, सरळच. "मिस्त्री, आज मनात येतंय का?" मिस्त्री बहुतेक वेळा म्हणतात, "नाही रे, आज बरं आहे." मग दोघं कामाला लागतात.

परवा एक मोठं टेबल संध्याकाळच्या आत द्यायचं होतं. टेम्पो दारात येऊन उभा. सगळ्यांची धांदल उडालेली. लंबूच्या तोंडात खिळे, हातात हातोडी. मिस्त्री मला टेबलाच्या फळीवरून फिरवत होते, आणि अर्ध्यावर येऊन थांबले. मला तिथेच ठेवून ते लंबूपाशी गेले.

"आज विचारलं नाहीस," ते म्हणाले.

लंबूनं तोंडातले खिळे काढले. "राहिलं मिस्त्री. आज मनात येतंय का?"

"सकाळपासून."

लंबूनं हातोडी खाली ठेवली. मावशीनं पॉलिशचे हात पुसले आणि वहिनींना फोन लावला. लंबूनं स्कूटर काढली, आणि दोघं केंद्राकडे निघून गेले. टेम्पोवाला ओरडायला लागला. मालक शांतपणे त्याला म्हणाले, "टेबल उद्या मिळेल."

मित्रांनो, मी लाकडाचा ठोकळा. मला सगळं कळत होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता. तुम्हाला बोलता येतं. घरात, शेजारी, वर्गात कुणी स्वतःला पोखरत असेल तर त्याचे खड्डे बुजवत बसू नका. एखाद्या मोठ्या, विश्वासाच्या माणसाला सांगा, आणि ते गुपित ठेवायचं वचन कुणालाही देऊ नका. मोठी माणसं हे वाचत असतील तर त्यांनी विचारावं, नीट समोर बसून, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. आणि तो विचार तुमच्याच मनात येत असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. माझे मिस्त्री गेले तसे जा आणि म्हणा, "आज विचारलं नाहीस."

अर्धवट रंधा मारलेली ती फळी त्या रात्रभर तशीच पडून होती आणि तिच्यावर मी. गिऱ्हाईक फोनवर फोन करून चिडत होतं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. सकाळी फाटक उघडलं, आणि मिस्त्री आले.